आधी पाणी भरा
बर्फाचं वादळ येणार असेल तर घरात काय तयारी ठेवावी, या प्रश्नावर दूध, ब्रेड, अंडी आणून ठेवा असं सगळ्यांनी लिहिलंय ते बरोबरच आहे, पण पाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. फेब्रुवारी २०२१ ला आम्ही टेक्सासात ऑस्टिनला होतो, तिथल्या बर्फाच्या वादळात १५ तारखेच्या पहाटे लाइट गेली ती तीन दिवस आलीच नाही आणि मध्येच नळाचं पाणी उकळून प्या अशी नोटीस आली, आता आमची शेगडी इलेक्ट्रिकची, उकळणार कशावर? नशीब सासूबाईंनी आदल्या रात्रीच बाथटब, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला होता (नगरची सवय!), टॉयलेटला तेच कामी आलं. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, माणशी रोज १ गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, निदान ३ दिवसांचं.

खायला न शिजवता होईल असं हवं. आम्ही दडपे पोहे खाल्ले, पातळ पोह्यांवर कांदा, खोबरं, लिंबू, दाण्याचं कूट, फोडणीशिवायच, बोटं इतकी बधिर की लिंबू पिळवेना. मुलांनी चाटूनपुसून खाल्ले.

गोळ्या, टॉर्च, सेल, पॉवरबँक तर हवंच. आणि प्लीज, बार्बेक्यूची शेगडी घरात पेटवू नका, गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसू नका, शटर उघडं असलं तरी नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी गॅसला वास नसतो, त्या आठवड्यात टेक्सासात माणसं अशीच गेली. घरातल्या या गॅसच्या डिटेक्टरचे सेल आजच बघा.