रेशनच्या तांदळात काय मिसळायचं ते कोण ठरवणार?

झाडीपट्टीकर:
आमची मावशी दर महिन्याला रेशनचा तांदूळ सुपात घेऊन अंगणात बसते. त्यातले पिवळट, जरा जास्तच गुळगुळीत दाणे वेचते आणि कोंबड्यांपुढे टाकते. "प्लास्टिकचा तांदूळ आहे बाबू, पाण्यात तरंगते." ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून पाडलेले दाणे आहेत, शंभर किलोत एक किलो. म्हणजे सरकार ज्याचे जादा पैसे मोजतं, नेमकं तेच कोंबड्या खातात.

१५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून या तांदळाची घोषणा झाली. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने टप्पे ठरवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डिसेंबर २०२८ पर्यंत मुदत वाढवली, खर्च १७,०८२ कोटी. या सगळ्यासाठी वेगळं विधेयक कुठेच नाही. ८० कोटी लोकांचं ताट बदललं, आणि आमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय एकदाही पत्रिकेवर आला नाही. गडचिरोली तर आधीच्या प्रायोगिक योजनेतही होता. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं मेंढा-लेखा हे गाव याच जिल्ह्यातलं. गाव जंगलाचा निर्णय घेऊ शकतं, तर तांदळाचा का नाही? असले निर्णय आधी संसदीय समितीपुढे आणि मग ग्रामसभेपुढे यायला हवेत, असं माझं मत. ठोका आता.

शनिवारवाला:
ठोकतो. उद्या मिठात आयोडीन किती, तेही हात वर करून ठरवायचं का? तुमच्या मावशीचाच दाखला घ्या. त्या चांगला दाणा प्लास्टिक समजून फेकतात. यावर उपाय म्हणजे त्यांना नीट सांगणं. त्यांना मतदान देऊन काय साधणार? रक्तक्षयाचं प्रमाण, लोहाची मात्रा हे तज्ज्ञांचं काम आहे. ग्रामसभेत हायमास्ट दिव्यावरून डोकी फुटतात, तिथे बी-१२ ची चर्चा होणार?

झाडीपट्टीकर:
मिठाचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. साध्या मिठावरची बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागली. तज्ज्ञ तेच, शास्त्र तेच, फक्त सरकारचं मत बदलत गेलं. विज्ञानावर मतदान घ्या असं मी म्हणतच नाहीये. आधी विचारा, समोर बसून सांगा, एवढंच.

आशाताईची लेक:
मूळ मुद्दा बाजूला पडतोय. आमच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी लोह मिसळलेलं अन्न खाऊ नये, थॅलेसेमिया (तसाच रक्ताचा आजार) असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावं, अशी सूचना पाकिटावर, पोत्यावर छापणं नियमाने बंधनकारक होतं. २०२४ मध्ये ती काढली, कारण सरकारी समितीच्या मते अपायाचा पुरावा नाही. समितीचं बरोबर असेलही, त्यावर मी भांडत नाही. पण सूचना होती तेव्हा तरी ती वाचली कोणी? रेशन दुकानात तांदूळ सुटा मापून मिळतो. पोतं दुकानदाराच्या गोदामात राहतं, पिशवी आपली. पुढे ते पोतं पावसाळ्यात दारात पाय पुसायला येतं, तेव्हा वाचायचं का? दिल्लीत कोणालाच हे सुचलं नाही. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईने एका मिनिटात सांगितलं असतं. माझ्या मते ग्रामसभेचा उपयोग इथे आहे.

शनिवारवाला:
हे मान्य. पोत्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

समितीचा वारकरी:
तांदळाच्या नादात संसदेला उगाच झोडपू नका. अन्नसुरक्षा विधेयक डिसेंबर २०११ मध्ये आलं तेव्हा त्यात प्राधान्य आणि सामान्य असे दोन गट होते. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, अध्यक्ष आपल्या नागपूरचे विलास मुत्तेमवार. समितीने वर्षभर राज्यांचं, संस्थांचं म्हणणं ऐकलं आणि जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं की ही दोन गटांची भानगड काढा, सगळ्यांना माणशी ५ किलो द्या. आज रेशनवर माणशी जे ५ किलो मिळतात ते तिथून आले. छाननी म्हणतात ती ही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्यात १६. दुखणं हे आहे. आधी ते १६ चे ७१ करा, मग गावोगाव फिरा.

सातबारा कोरा:
वारकरीबुवा, अभंग अर्धाच म्हटलात. मूळ विधेयकात प्राधान्य गटाला माणशी ७ किलो होते. समितीने त्यांचे ५ केले. सर्वांत गरीब माणसाच्या ताटातले दोन किलो त्या छाननीतच गेले. आणि कायदा सभागृहात मंजूर व्हायच्या आधी जुलै २०१३ मध्ये अध्यादेश काढला, तेव्हा कुठे गेली होती संसद?

समितीचा वारकरी:
सामान्य गटाला ३ होते, त्यांचे ५ झाले, ते का गाळता? आणि गरिबात गरीब म्हणजे अंत्योदय, त्यांचे कुटुंबामागे महिन्याला ३५ किलो कायद्यात टिकलेच. दोन गट राहिले असते तर कोण प्राधान्य आणि कोण सामान्य यावरून प्रत्येक गावात मारामाऱ्या झाल्या असत्या. अध्यादेशाबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकलंच.

माजी सरपंच, एक टर्म पुरली:
सगळ्यांचं वाचलं. आता गावात काय चालतं ते ऐका. अन्नसुरक्षा कायद्यात कलम २८ सामाजिक लेखापरीक्षण, कलम २९ रेशनवर लक्ष ठेवणारी दक्षता समिती. म्हणजे संसदेने गावाला अधिकार दिलेत, कागदावर चांगले आहेत. सरपंच म्हणून मी त्या समितीचा अध्यक्ष होतो. मला हे कधी कळलं? दुकानदार रजिस्टर घेऊन घरी चहाला आला तेव्हा. "सर, मागच्या चार बैठकांच्या सह्या राहिल्यात." मी केल्या. खोटं कशाला बोलू, केल्या. शिव्या द्यायच्या तर द्या.

पुढे लाज वाटली म्हणून एकदा लाभार्थ्यांच्या यादीचं चावडी वाचन खरोखरच केलं. गणपूर्ती होईना. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते, तेवढेही आले नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून तीत यादी वाचली. मयत झालेली नावं निघाली, पुण्याला कायमचे गेलेले निघाले, दोन मजली माडीवाले निघाले. सात-आठ घरं खरोखर हलाखीची, पण यादीत नाहीत. ठराव करून तहसीलला पाठवला. कमी करायची नावं लगेच कमी झाली. वाढवायच्या नावांना उत्तर आलं, 'इष्टांक शिल्लक नाही.' इष्टांक म्हणजे किती लोकांना रेशन द्यायचं त्याचा वरून ठरलेला आकडा.

राज्याचा इष्टांक साधारण ७ कोटी, तोही २०११ च्या जनगणनेवरून. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची वाट बघा. तोवर गावाने कितीही ठराव केले तरी आकडा दिल्लीच्याच हातात. तेव्हा झाडीपट्टीकर, तुमची ग्रामसभा पाहिजेच, पण हा आकडा हलवायला वारकरीबुवांचीच संसद लागते.

सातबारा कोरा:
शिव्या नाही देत सरपंच. पण त्या चार सह्यांचा तांदूळ गेला कुठं?

माजी सरपंच, एक टर्म पुरली:
तेच शोधायला वाचन ठेवलं होतं. पुढच्या निवडणुकीत पडलो.

आशाताईची लेक:
गणपूर्तीचं एक सांगते. आमच्याकडे ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिला बायका येतात. कारण ती दुपारी, शेतातली कामं आटोपल्यावर असते. ग्रामसभा सकाळी दहाला, ऐन निंदणाच्या दिवसांत. मग म्हणायचं लोकांना रस नाही.

शनिवारवाला:
मग ठरलं काय? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तांदळाचा विषय घेणार का कोणी?

झाडीपट्टीकर:
मी घेणार होतो. काल मावशीला विचारलं, तुझ्या नावाने प्लास्टिकच्या दाण्यांचं मांडू का? म्हणाली, "दाणे वेचाले मले येते. मशीनवर माझा अंगठाच उठत नाही, तीन चकरा झाल्या, ते मांड."

माजी सरपंच, एक टर्म पुरली:
अंगठ्याचंच मांडा. इतिवृत्तात शब्दशः लिहायला लावा आणि ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी त्याच दिवशी हातात घ्या. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगला असतो.