उरलेल्या बिअरचा बागेत-घरात उपयोग आणि गोगलगायींचा सापळा: मदत हवी आहे

गच्चीतली_पालक: घरच्या कार्यक्रमानंतर ६५० मिलीच्या तीन बाटल्या उघड्याच राहिल्या. गॅस पार गेलाय. गच्चीत वीसेक कुंड्या आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून पालक आणि झेंडूची रोपं रातोरात कुरतडली जातात, सकाळी पानांवर वाळलेली चकचकीत रेघ दिसते. बिअरचा सापळा लावतात म्हणे, तो नेमका कसा? आणि बाकीची बिअर पाण्यात मिसळून झाडांना घातली तर चालेल का?

काळीमाती: ती रेघ म्हणजे गोगलगाय, बहुतेक बिनशंखाची शेंबडी. तिच्यासाठी बिअर खरोखर कामाची आहे. तिला ओढून आणतो तो आंबलेल्या यीस्टचा वास, त्यामुळे गॅस गेला तरी फरक पडत नाही.

श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, ८ ते १० सेंमी खोल आणि उभ्या बाजूंचा. तो मातीत असा पुरा की काठ मातीच्या वर २ सेंमी राहील. इथेच बहुतेकांचं चुकतं. काठ मातीला टेकला की रात्री हिंडणारे काळे भुंगेरे आत पडतात, आणि ते तर गोगलगायी खाणारे, आपल्या बाजूचे. शिवाय एका सरीत माती वाहून डबा भरतो. बिअर ३-४ सेंमीच ओता. काठोकाठ भरलीत तर गोगलगाय काठावरूनच पिऊन निघून जाते. वर दोन खड्यांवर टेकवून नारळाची करवंटी उपडी ठेवा, पावसाचं पाणी पडून बिअर पातळ झाली की वास मरतो.

दिवस मावळताना लावा, सकाळी आत पडलेल्या गोगलगायी काढून टाका. दोन दिवसांनी बिअर बदला, नाहीतर कुजल्याचा वास असह्य होतो. एका सापळ्याचा पल्ला जेमतेम मीटरभर असतो. कुंड्या चार-पाच घोळक्यांत ठेवा आणि प्रत्येक घोळक्यात एक डबा. डब्याला साधारण १३० मिली धरली तर एका बाटलीत पाच सापळे होतात. कोवळ्या रोपाला अगदी चिकटून लावू नका, येणारी गोगलगाय वाटेत त्याच्यावरच ताव मारते. फूटभर लांब बरा.

सोयाबीनवाला: मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय असेल तर बिअरवर वेळ घालवू नका, ती डब्यातून सहज बाहेर येते. २०२२च्या खरिपात लातूर-बीडकडे सोयाबीनचा फडशा पाडला तो हिनेच. तिच्यासाठी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी पसरा. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. उघड्या हाताने नको, हिच्या अंगात माणसालाही बाधणारे जंत असतात.

काळीमाती: बरोबर. आणि खताचं विचारलंत ते टाळा. बिअरमधली उरलेली साखर मातीतल्या जिवाणूंना मिळाली की ते झपाट्याने वाढतात आणि मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, पानं पिवळी पडायला लागतात. वर पांढरी बुरशी आणि कुंडीतली बारीक काळी चिलटं. त्यापेक्षा कंपोस्टमध्ये घाला. कोरडा पालापाचोळा भरलेल्या २० लिटरच्या बादलीला अर्धा लिटर, थोडी थोडी ओतत खालीवर करायची. मूठभर दाबून पाणी टपकलं तर जास्त झाली, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा.

डाळतांदूळ: स्वयंपाकघरात केळी-आंब्यांवर चिलटं घोंघावत असतील तर पेल्यात दोन बोटं बिअर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. त्या थेंबाने पाण्याचा ताण मोडतो आणि चिलट वर न बसता बुडतं. थेंब विसरलात तर ती पिऊन उडून जातात.

शेवटची बाटली पावाला लावा. मैदा ३ कप, बेकिंग पावडर १ मोठा चमचा, साखर २ मोठे चमचे, मीठ १ चहाचा चमचा, बिअर ३५० मिली. मैदा भिजेपर्यंतच ढवळा, जास्त घोटलं की पाव चिवट होतो. १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. फुगवण्याचं काम बेकिंग पावडर करते, म्हणून बिनगॅसची चालते. भज्यांच्या पिठात मात्र ती घालू नका, तिथे कुरकुरीतपणा गॅसमुळेच येतो. लाकडी फर्निचर पुसायचा सल्लाही दिसेल, करू नका. साखर चिकटून राहते आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग.

गच्चीतली_पालक: मनापासून आभार! दोन शंका. घरात कुत्रा आहे. आणि बिअर संपल्यावर?

काळीमाती: कुत्र्याला बिअर घातक आहे आणि तो ती आवडीने चाटतो. डब्यावर करवंटीऐवजी जड कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर उपडी ठेवा, खाली २ सेंमी फट पुरे. बिअर संपली की कपभर कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट घाला, तासाभराने फेस आला की तेच डब्यात ओता. गोगलगायींना दोन्ही सारखंच.