गोधडी पांघरायची की भिंतीवर लावायची?

धावदोरा:
कालच्या पोस्टमध्ये सल्ला होता, ‘जुन्या साड्यांची गोधडी ही कलाकृती आहे. ती पांघरणं बंद करा, काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात लावा.’ वाचून राहवलं नाही. गोधडी एकदा शिवली की संपली, असं नसतं. वरचा थर विरला की त्यावर दुसरं लुगडं चढतं, जुनं आत राहतं. उसवलेल्या कोपऱ्यातून आत डोकावा: वर आईची सुती साडी, खाली आजीचं इरकली लुगडं, त्याखाली आजोबांचं धोतर. घर असं थराथरानं साठत जातं. काच लावली की ते साठणं तिथेच थांबलं. शिवाय काचेला टेकलेल्या कापडात पावसाळ्यात दमटपणा कोंडतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते वेगळंच.

पदर:
काच नकोच, तेवढं मान्य. पण ‘वापरत राहा’ म्हणणाऱ्यांनी ती धुताना कधी उचलली आहे का? पाणी प्यायलेली चार-पाच थरांची गोधडी दोरीवर मधोमध टाकली की स्वतःच्याच वजनाने विरलेलं कापड फाडते. काळ्या रंगात लोह असेल तर ते सूत सगळ्यांत आधी कुजतं, भोवतालचं लाल-हिरवं शाबूत राहतं आणि काळ्याच्या जागी भोकं पडतात. अशी गोधडी पांघरणं म्हणजे ती संपवणं. ती भिंतीवर टांगा: पाठीमागे वरच्या कडेला रुंदीभर सुती खोळ हाताने शिवा, टाके सगळ्या थरांतून जाऊ द्या आणि खोळीत लाकडी पट्टी सरकवा. खिळे ठोकू नका, ऊन लागू देऊ नका, काही महिन्यांनी उतरवून मलमलीत गुंडाळून ठेवा. आणि पाहण्यासाठीच केलेली गोधडी खोटी ठरते का? 1987 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर एड्सने गेलेल्यांच्या आठवणींची गोधडी अंथरली होती. प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, जिवलगांनी शिवलेला. ती कुणी पांघरायला केली नव्हती.

वाकळ:
तीसुद्धा जमिनीवर अंथरली होती, पदर, आणि माणसं तिच्या कडेने चालत होती. असो. मला खरी चीड आहे ती ‘पारंपरिक गोधडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची. नवं कापड, आत पॉलिस्टर, वर मशीनची शिलाई! मशीनचे दात खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो, आणि प्रत्येक ओळीला तिरक्या चुण्या. सिंथेटिक साडी तर टाक्याखालून सरकते आणि घामही टिपत नाही. एका नऊवारीचे चार तुकडे करा, एकट्याच्या वाकळेला चार थर मिळतात. काठ आधी उसवा, जरीची तार राहिली तर दोरा कापते. साडी धुऊन खळ काढा, थर ताणून कडांवर वरवंटे ठेवा, कच्चा दोरा घाला, मग मधून कडेकडे शिवत या.

धावदोरा:
मधून? बाहेरून आत, चौकोनी फेऱ्यांनी! कडा आधी बांधल्या नाहीत तर थर फाकतात.

वाकळ:
मग जास्तीचं कापड मध्यावर गोळा होतं आणि ऐन मध्यात फुगा येतो. तो नंतर दाबून बसत नाही. मधून सुरू केलं तर जास्तीचं कडेला येतं, कापून टाकता येतं.

धावदोरा:
कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, कोपऱ्यापासूनच शिवतात, फेरे घेत मध्यावर संपवतात. त्यांना नाही फुगा येत.

पदर:
कारण त्या वरचा थर आधी जोडून घेत नाहीत. एकेक ठिगळ ठेवायचं, कड आत मुडपायची, शिवत पुढे जायचं. जास्तीचं कापड उरेलच कुठे? चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. अखंड लुगड्याला हाच हिशेब लावाल तर वाकळ म्हणतात तसंच होणार.

धावदोरा:
ठिगळांची असेल तर बाहेरून, अखंड लुगड्याची असेल तर मधून. एवढं मानते. भिंतीचं मात्र अजिबात नाही. सूत विरलंय तर त्यावर नवा थर चढवा, हात पोचेल तिथे ठेवा.

पदर:
चढवा, पण जुन्याच भोकांतून सुई घालू नका. विरलेलं सूत तिथेच चिरतं. एक दोराभर बाजूने टाका घ्या, आणि नवं कापड आधी दोनदा धुऊन आटवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि आतलं लुगडं चुरगळेल.