बॅटरी बदलण्याआधी क्लॅम्प काढून बघा
ऐरोलीच्या पार्किंगमधली तुमची गाडी सकाळी नुसती टकटक करते, दिवे मंदावतात आणि मेकॅनिकने थेट नवी बॅटरी सांगितली, असं लिहिलंय तुम्ही. एवढ्यात पैसे घालू नका हो! बॅटरीच्या टर्मिनलवर (तार जोडायच्या टोकावर) निळसर-हिरवी पूड दिसते ना, ती म्हणजे झिरपलेल्या आम्लाने तांब्यावर धरलेला मोरचूद.

आधी मल्टिमीटरने बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्यावर आवळलेल्या तारेच्या क्लॅम्पवर धरून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष जोडणीचा.

कोपरखैरण्यात गेल्या पावसाळ्यात माझंही हेच झालं. क्लॅम्प वरून चकचकीत, आतून काळा थर! खाण्याच्या सोड्याचं पाणी, जुना टूथब्रश, घट्ट बसवून वर व्हॅसलिन. तीच बॅटरी अजून चालतेय. सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. आणि क्लॅम्प काढताना ऋण (−) आधी, लावताना ऋण शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी.

पूड परत लवकर धरली तर इंजिन चालू ठेवून मोजा. १५ व्होल्टच्या वर जात असेल तर चार्जिंग जास्त होतंय. आकडे इथे टाका, बघू.