प्रतिसाद: काँगो-रवांडा करार

काही जण म्हणतात की जून 2025 मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या म्हणजे काँगो-रवांडा प्रश्न मिटला. मला नाही पटत. 2002 चा प्रिटोरिया करार बघा, त्यात पण हेच होतं, रवांडाने सैन्य मागे घ्यायचं आणि काँगोने रवांडातल्या 1994 च्या नरसंहारानंतर तिथून पळून आलेल्या हुतू जमातीच्या सशस्त्र गटांना निःशस्त्र करायचं. तेव्हा रवांडाचं सैन्य परत गेलंही, पण ते गट पूर्णपणे मोडले गेलेच नाहीत, त्यांच्यातूनच 2000 मध्ये बनलेला एफडीएलआर हा बंडखोर गट टिकून राहिला आणि 23 वर्षांनी, 2025 च्या नव्या करारात परत तेच कलम आहे!

आणि मुख्य म्हणजे जानेवारी 2025 मध्ये गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ही पूर्व काँगोतली शहरं ज्या एम23 या बंडखोर गटाने घेतली ते या कराराच्या टेबलावरच नव्हते, त्यांची बोलणी वेगळी, दोहाला कतारच्या मध्यस्थीने. एम23 ला पाठिंबा असल्याचं रवांडाने नाकारलंय, पण युनोच्या तज्ज्ञांच्या अहवालांत रवांडाचे हजारो सैनिक तिथे असल्याचं नोंदवलंय. शिवाय रुबायाच्या कोल्टन (इलेक्ट्रॉनिक वस्तूंत लागणारं खनिज) खाणी एम23 च्या ताब्यात, म्हणजे पैसा चालूच. किवू या पूर्व काँगोतल्या भागातली लाखो माणसं घर सोडून बसलीत, ती परत कशी जाणार याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं ना.