ट्यूशन फी सोडून कॉलेजला किती लागतात? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

भाचीची नेरूळला इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ, म्हणून ताई खुशीत होती. मग डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, युनिफॉर्म अशी वेगळी पावती आली. फीचं सोडा, बाकी काय काय निघतं ते लिहा, ताईला दाखवते.

कळव्याची आई: लोकलचा पास कन्सेशनमध्ये निघतो, तो काही जड नाही. जड जाते ती स्टेशनबाहेरची रिक्षा, रोज जायला यायला, आणि पावसात तर मागेल तेवढं. त्यात लेक्चर आठला नि प्रॅक्टिकल तीनला, डबा अकरालाच संपतो मग पोरगं खाणार काय, आमच्याकडे वडापाव-चहाचाच खर्च पासापेक्षा जास्त आहे, खोटं नाही सांगत.

दिवेकर: माफी मिळते हो, पण माफी मिळवायचा खर्च कोण धरतो? उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, जात पडताळणी, महाडीबीटीचा म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाइटचा फॉर्म, मग कळतं आधार बँकेला लिंकच नाही. बाबा रंगकामाला जातात, रोजावर. दाखल्याच्या रांगेत उभं राहिलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली, साहेब जागेवर नसले की दुसऱ्या दिवसाची पण. सायबरवाला फॉर्म भरायचे वेगळे घेतो. ह्याची पावती कुठे मिळते सांगा.

सुटला_एकदाचा: ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं यंत्र), शीट, ॲप्रन, वर्कशॉपचे बूट. सगळं नवीन घेऊ नका, सिनियरकडून घ्या, ड्रॉइंगचा पेपर सुटला की ड्राफ्टरला कोणी हात लावत नाही. शेवटच्या वर्षाला ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, गाईडने करेक्शन काढलं की परत प्रिंट, मग सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर फॉर्मचे पैसे वेगळे.

वाशी_सेक्टर_९: आयव्ही, म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, विसरलात! कंपनीत दोन तास, मनालीत चार दिवस. नाही पाठवलं तर पोरगी रुसते, पाठवलं तर तिचे बाबा.

जुना ठाणेकर: आम्ही २००४ च्या आधीचे, ठाणे-वाशी लोकलच नव्हती, कुर्ल्याला बदलून जायचो. पण लॅपटॉपचा हप्ता नव्हता बुवा.

रत्नागिरी_ते_खारघर: तुम्ही घरी तरी राहता. मला रूमचं डिपॉझिट, ब्रोकर, मेस, आणि मेस रविवारी रात्री बंद. बाबा अल्पभूधारक म्हणून पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा अर्ज केलाय, तो येईल तेव्हा येईल, घरमालक एक तारखेलाच दारात.

धागाकर्ती: बापरे. बरं, ड्राफ्टर आहे का कोणाकडे?

सुटला_एकदाचा: माझा आहे पडून. घणसोली स्टेशनला येऊन न्या. पैसे नकोत, एक स्क्रू ढिला आहे फक्त.