मदत हवी आहे : हक्कोसाच्या घराण्याला याजकपद परत मिळाले का?

नमस्कार. पारसचा राजा कोरेश याच्या परवानगीने बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेस परतलेल्या यहूद्यांच्या बायबलमधील यादीत (एज्रा २:६१-६३) हक्कोसाचे घराणे येते. दावीदाच्या काळातील याजकांच्या (मंदिरात सेवा करणाऱ्या पुरोहितांच्या) २४ वर्गांपैकी सातवी चिठ्ठी ज्याच्या नावाने निघाली, त्याच नावाचे हे घराणे वंशावळीची नोंद न सापडल्यामुळे याजकपदातून वगळले गेले आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र पदार्थ (अर्पणांतील याजकांसाठी राखलेला भाग) खाऊ नयेत, असे ठरले.

पुढे नहेम्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मरेमोथ बिन उरीया बिन हक्कोस यरुशलेमेच्या तटाचा एक नव्हे, तर दोन भाग बांधतो. दुसरा भाग प्रमुख याजक एल्याशीब याच्या घराच्या दारापासूनचा आहे. एज्रा ८:३३ मध्ये मंदिराचे सोने-रुपे ज्याच्या हाती तोलून दिले, तो मरेमोथही उरीया याजकाचाच मुलगा आहे. ज्यांचा हक्क नाकारला गेला, त्यांच्याच वंशजाने एवढ्या निष्ठेने काम करावे, हे मला फार मोलाचे वाटते.

हे दोन्ही मरेमोथ एकच मानावेत का? तसे असल्यास घराण्याचा हक्क तोपर्यंत मान्य झाला होता, असे म्हणता येईल का? अभ्यासकांनी कृपया वचनांच्या आधारासह मार्गदर्शन करावे.